झटपट आसंजक : बडोद्यातील कारखानदारीतील वापर

हवेतल्या आणि वस्तूच्या पृष्ठभागावरच्या ओलाव्याने काही सेकंदांत घट्ट होणारे सायनोअ‍ॅक्रिलेट वर्गातील द्रव आसंजक, म्हणजे चिकटवणारा पदार्थ. कारखान्यात त्याला आसंजक कोणी म्हणत नाही. बाटली कुठल्याही कंपनीची असो, नाव एकच, फेविक्विक. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या शेडमध्ये जोड पक्का झाला की गुजराती कारागीर ‘चोंटी गयुं’ म्हणतो आणि त्याच्या शेजारचा मराठी कारागीर ‘बसलं’ म्हणतो.

हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हॅरी कूवर यांच्या चमूच्या हाती आला. बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे द्रव्य दिसेल त्याला चिकटू लागले, म्हणून ते बाजूला पडले. १९५१ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत कूवर यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी अपवर्तनमापकाच्या (प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाच्या) दोन लोलकांमध्ये त्याचा थर दिला आणि लोलक सुटेनात. तेव्हा त्याची खरी किंमत कळली. १९५८ मध्ये ते ‘ईस्टमन ९१०’ नावाने बाजारात आले.

हे आसंजक वाळत नाही, त्याची रासायनिक साखळी तयार होते. बाटलीत टाकलेले किंचित आम्लयुक्त स्थिरक त्याला द्रव ठेवतात. पृष्ठभागावरचा ओलावा त्या आम्लावर मात करतो आणि रेणू एकमेकांत गुंफले जातात. ही क्रिया दोन्ही पृष्ठभागांकडून आत सरकते, म्हणून थर जितका पातळ तितका जोड लवकर बसतो. जाड थेंब मधोमध ओलाच राहतो. ‘जोड सुटला, अजून घाल’ ही सवय म्हणूनच मुळात चुकीची आहे. बहुतेक जोड कमी आसंजकाने नव्हे, जास्त आसंजकाने बिघडतात.

पंप आणि व्हॉल्व्हच्या दुरुस्तीत याचा सर्वांत चांगला उपयोग दिसतो तो ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, जोडताना. हव्या त्या मापाची रिंग बाजारात मिळाली नाही की नायट्राइल रबराच्या कॉर्डमधून (गोल दोरीतून) ती जागेवर करतात. आतला व्यास २०० मिमी आणि कॉर्ड ५ मिमी जाडीची असेल, तर दोन्हींच्या बेरजेला, २०५ ला, ३.१४ ने गुणून सुमारे ६४४ मिमी तुकडा कापायचा. पाते नवे हवे आणि काप काटकोनात. कापलेल्या तोंडाला बोट लावायचे नाही, बोटाचे तेल जोड धरू देत नाही. एका तोंडावर एक लहान थेंब, मग खाचेच्या जिगमध्ये (तुकडा सरळ धरणाऱ्या साच्यात) दोन्ही तोंडे सरळ भिडवून दाबून धरायची. या वेळी ‘बसलं का’ म्हणून उचलून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. हाताळण्याइतका जोड अर्ध्या मिनिटात होतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास द्यावेत. चांगला जोड ताणून पाहिला तर जोडाच्या शेजारचे रबर फाटते, जोड नाही. मात्र जोडाची जागा कडक होते. त्यामुळे अशी रिंग स्थिर सीलसाठी ठीक, सरकत्या दांड्यावर नको.

बडोद्यात ऋतूही या कामात हात घालतो. ४० ते ६० टक्के आर्द्रता याला मानवते. मेच्या कोरड्या दुपारी जोड रेंगाळतो. तेव्हा कामाजवळ पाण्याची थाळी किंवा ओले फडके ठेवले तरी फरक पडतो. पावसाळ्यात उलट, थेंब दाबण्याआधीच धरू लागतो आणि जोडाभोवती पांढरट धुके बसते. थेंब लहान ठेवणे आणि वारा खेळता ठेवणे हाच त्यावर उपाय. फ्रिजमधली बाटली थंड असताना उघडू नये, तोंडाशी पाणी जमते आणि उरलेला माल हळूहळू खराब होतो.

पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन आणि सिलिकॉन रबर प्रायमरशिवाय (आधी लावायच्या द्रवाशिवाय) धरत नाहीत. नेहमीच्या प्रकारांचा जोड ८० अंश सेल्सिअसपुढे ढिला पडतो. सरळ ओढ तो सोसतो, पण सोलणारा ताण आणि हातोड्याचा ठोका सोसत नाही. नट-बोल्ट घट्ट राहावेत म्हणून हे वापरणेही चूक. त्यासाठीचे अ‍ॅनेरोबिक आसंजक याच्या अगदी उलट वागते, हवा तुटली आणि धातू लागला की बसते.

सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशाळेपासून बडोद्यात यंत्रकाम हातात औजार धरून शिकवले गेले. हे कामही तसेच, हातानेच शिकायचे.

सुती हातमोजे घालून हे काम कधीही करू नये. कापसावर ते सांडले की क्रिया एवढ्या वेगाने होते की चटका बसतो, धूरही निघतो. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू फिरवत सोडवावीत. कातडीवरच्या जुन्या डागाला अ‍ॅसिटोन चालते, डोळ्याजवळ मात्र नाही. पापण्या चिकटल्या तर जबरदस्तीने उघडू नयेत, कोमट पाण्याने धुवून ओले फडके ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.