एक मेगाहर्ट्झवरचा गोल्फ

गोल्फमध्ये चेंडू हवेत असतो तो फार तर पाच-सात सेकंद. बाकी सगळा वेळ चालणं, वाऱ्याचा अंदाज घेणं आणि क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, निवडणं. टीव्हीवर हा खेळ अनेकांना रटाळ वाटतो तो यामुळे, आणि १९८०च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरांना तो मानवला तोही यामुळेच.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या ॲक्सेस सॉफ्टवेअरने १९८६ साली कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरसाठी ‘लीडर बोर्ड’ हा गोल्फचा गेम आणला. तो लिहिला ब्रूस आणि रॉजर कार्व्हर यांनी. यंत्राची मेमरी ६४ किलोबाइट, प्रोसेसर जेमतेम एक मेगाहर्ट्झचा. त्याला बेरीज-वजाबाकी यायची, पण गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नव्हती. गुणाकार करायचा तर आकडे सरकवत बेरजा करत राहायचं, म्हणजे एका गुणाकाराला सहज शंभरावर क्लॉक सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके (सेकंदाला सुमारे दहा लाख). अमेरिकेत पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होई. दोन वेळांच्या मधे हाताशी साधारण १७ हजार सायकल. साइन-कोसाइनसारख्या किमती तर प्रोग्रॅमर आधीच तक्त्यात मांडून ठेवत.

जवळ-दूरचा भास देणारं दृश्य काढायचं म्हणजे प्रत्येक बिंदूला अंतराने भागायचं. मोटारींच्या शर्यतीत हे सेकंदाला कित्येकदा करावं लागतं. गोल्फमध्ये फटक्यागणिक एकदा. चेंडू थांबला की नव्या जागेवरून दिसणारं मैदान सावकाश रंगत जायचं आणि कोणी तक्रार करत नसे. मैदानावर तरी चेंडूपर्यंत चालावंच लागतं की! उड्डाणाच्या वेळी मागचं चित्र स्थिर, हलायचा तो फक्त एक ठिपका. शिवाय पहिल्या आवृत्तीत झाडं नाहीत, वाळूचे बंकर नाहीत. निळ्या पाण्यातली हिरवी बेटं, एवढंच. माझ्या मते ही काटकसर खेळाच्या पथ्यावर पडली: चुकलात तर थेट पाण्यात.

चेंडूचं उड्डाण मात्र शाळेतल्या सूत्रात बसत नाही. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, मारलेला चेंडू सेकंदाला ७० मीटर वेगाने ११ अंशांत सुटला, तर निर्वात जागेत तो सुमारे १८७ मीटरवर पडेल. हवेत तो २२० मीटरच्याही पुढे जातो! हवा अडवते, तरी अंतर वाढतं, कारण चेंडू पुढे जाताना उलटा, मागच्या दिशेने गरगरत असतो. तो हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी १८९०च्या दशकात हे गणित मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हा ब्रिटिश हौशी स्पर्धा दोनदा जिंकलेला गोल्फपटू, म्हणजे प्रयोगाला माणूस घरातच. कॉम्प्युटरवर इतक्या खोलात शिरायची गरज नव्हती. क्लबागणिक कमाल अंतर ठरवून दिलं आणि उड्डाणाची कमान डोळ्यांना पटली की भागायचं.

खेळाडूचं कसब उतरलं ते बटणात. ‘लीडर बोर्ड’मध्ये बटण दाबून धरलं की जोराची पट्टी चढायची, सोडलं की जोर पक्का. मग क्लब खाली येताना नेमक्या क्षणी पुन्हा दाबायचं. थोडं आधी किंवा उशिरा झालं की चेंडू डावी-उजवीकडे वळणार. वारा फक्त सर्वांत अवघड पातळीवर. आडव्या फिरकीचं सगळं वायुगतिशास्त्र असं अंगठ्याच्या वेळेत मावलं.

याच कंपनीने १९९० साली पीसीसाठी ‘लिंक्स’ काढला, त्यात झाडं खऱ्या छायाचित्रांवरून घेतलेली. १९९२ची आवृत्ती तर ‘लिंक्स ३८६ प्रो’. कोणता प्रोसेसर लागेल ते नावातच.