बऱ्याच वर्षांनी पुन्हा गाडी हातात घेताय? आधी विम्याचं पाहून घ्या

मुलं कॉलेजला गेली, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला घेतलं, किंवा यजमानांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, की दहा-पंधरा वर्षं शेजारच्या सीटवर बसणाऱ्या ताई पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं ठरवतात. काही घरांत हेच उलट असतं. मग आमच्या विमा कार्यालयात फोन येतो : "पॉलिसीत मिसेसचं नाव घालायचंय, हप्ता किती वाढेल?"

याचं उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. आपल्याकडे नाव घालावं लागत नाही आणि हप्ताही वाढत नाही. इंग्लंडमध्ये राहणारी मुलं फोनवर सांगतात, "आईचं नाव इन्शुरन्सवर टाका." त्यांच्या तिथे ते बरोबरच आहे, कारण तिथल्या बहुतेक पॉलिसी नाव नोंदवलेल्या चालकांपुरत्याच असतात. भारतात विमा गाडीचा असतो. पॉलिसीतलं 'ड्रायव्हर्स क्लॉज' वाचा. मालकाच्या संमतीने कोणीही गाडी चालवू शकतं, फक्त अपघाताच्या वेळी त्या व्यक्तीचं लायसन्स चालू असलं पाहिजे.

सगळं अडतं ते या लायसन्सपाशीच.

लायसन्सची तारीख आजच पाहा

वापरात नसलेलं लायसन्स कपाटात पडून असतं आणि त्याची मुदत संपल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. पूर्वी लायसन्स २० वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत मिळायचं. म्हणजे एखाद्या ताईंनी जून २००४ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी लायसन्स काढलं असेल, तर ते जून २०२४ मध्ये संपलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम आणखी कडक झाले. मुदत संपल्यावर मिळणारी ३० दिवसांची सवलत गेली. नूतनीकरणासाठी मुदत संपल्यापासून एक वर्ष मिळतं. ते उलटलं की वाहनचाचणी पुन्हा द्यावी लागते. वरच्या उदाहरणातल्या ताईंनी जून २०२५ पर्यंत अर्ज केला नसेल, तर त्यांना चाचणी चुकणार नाही. पुण्यात ही चाचणी नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआरच्या (वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या) ट्रॅकवर होते. तिथे सराव करून गेलेलंच बरं. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र (फॉर्म १-ए) लागतं. लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या स्वरूपात असेल, तर ज्या आरटीओने ते दिलं तिथे आधी त्याची संगणकात नोंद करून घ्यावी लागते. यात वेळ जातो, तेव्हा हे काम आधी हाती घ्या.

तारखेसोबत प्रकारही पाहा. रोज ॲक्टिव्हा चालवणाऱ्या कितीतरी जणींना आपलं लायसन्स कारलाही चालतं असं वाटतं. कार्डावर फक्त 'एमसीडब्ल्यूजी' असेल तर ते दुचाकीचं आहे. कारसाठी 'एलएमव्ही' लिहिलेलं हवं.

मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. त्याहून गंभीर बाजू थर्ड पार्टीची आहे. रस्त्यावरच्या एखाद्याला इजा झाली, तर त्याची भरपाई कंपनीला बहुधा आधी द्यावी लागते, पण लायसन्सच्या अटीचा भंग मालकाच्या हलगर्जीपणामुळे झाल्याचं सिद्ध झालं, तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा हक्क तिला मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात हे तत्त्व सविस्तर मांडलं आहे. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर हे आकडे लाखांत जातात. चालकाला ५,००० रुपये आणि गाडी देणाऱ्या मालकाला ५,००० रुपये दंड होतो तो वेगळाच.

एक कळकळीची विनंती. अपघात झाल्यावर "गाडी मीच चालवत होतो" असं नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला सांगू नका. पत्नीचं लायसन्स संपलंय म्हणून पतीने फॉर्मवर स्वतःचं नाव लिहायचं, हे चांगली चांगली माणसंही घाबरून करतात. जबाब, सीसीटीव्ही आणि दवाखान्याचे कागद जुळले नाहीत की सगळाच क्लेम जातो आणि खोट्या माहितीचा ठपकाही बसतो.

नाव घालायची खरी जागा

पॉलिसीत '१५ लाखांचं पीए कव्हर' (वैयक्तिक अपघात विमा) असं लिहिलेलं असतं. घरातला जो कोणी गाडी चालवेल त्याला ते लागू आहे, असा सर्रास समज असतो. ते फक्त मालक-चालकाचं असतं. ज्याचं नाव आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) आणि पॉलिसीवर आहे आणि ज्याचं लायसन्स चालू आहे, त्याचंच. गाडी पतीच्या नावावर आणि चालवणार पत्नी, तर तिला यातला एक रुपयाही मिळत नाही. गाडी पत्नीच्या नावावर घेतली आणि चालवतात पती, तर हेच पतीच्या बाबतीत.

समोरच्या वाहनाची चूक असेल, तर त्याच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो. पण गाडी स्वतःच दुभाजकावर गेली तर? थर्ड पार्टी विमा तिऱ्हाइतांसाठी असतो. मालकाची गाडी घेऊन चालवणारी व्यक्ती कायद्याच्या नजरेत मालकाच्याच जागी असते. २००९ च्या निंगम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. दुसऱ्याकडून मागून आणलेल्या मोटारसायकलवरून जाणारा माणूस बैलगाडीवर आदळून मरण पावला, तेव्हा त्याच्या कुटुंबाला मालकाच्या विम्यातून तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागता आली नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवतो. पॉलिसीत पत्नीचं किंवा पतीचं नाव लिहून अपघात कव्हर घेता येतं, कारसाठी माणशी साधारण २ लाखांपर्यंत. हप्ता अगदी थोडा असतो. काही कंपन्या हे मुदतीच्या मध्ये एंडॉर्समेंट (चालू पॉलिसीत बदलाची नोंद) करून देतात, काही नूतनीकरणापर्यंत थांबायला सांगतात. पण २ लाखांत आज काहीच होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. रोज गाडी चालवणार असाल तर त्या व्यक्तीच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती बस, रिक्षा, दुचाकी सगळीकडे लागू होते.

पहिला ओरखडा आणि नो क्लेम बोनस

हात बसेपर्यंत सोसायटीच्या खांबाला बंपर घासणारच. लगेच क्लेम करू नका, आधी हिशोब करा. समजा, गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता सूट धरण्याआधी ९,००० रुपये आहे आणि क्लेम न केल्याबद्दल सध्या ३५ टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळतोय. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, मग ५० टक्के. केला तर शून्य, नंतर २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढायचं. हप्ता तोच धरला तर या पाच वर्षांत सुमारे १०,८०० रुपयांवर पाणी सोडावं लागतं. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १,००० रुपये आपलेच, आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिकच्या बंपरची निम्मी किंमतही आपलीच. पाच-सहा हजारांचं काम असेल तर खिशातून करा.

हा बोनस पॉलिसीधारकाचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. पत्नीसाठी तिच्या नावाने दुसरी गाडी घेतली, तर पतीचा बोनस तिला मिळत नाही.

पती हयात नसतील तर

अशा ताई आमच्याकडे येतात तेव्हा गाडी अजून पतीच्याच नावावर असते. मालकाच्या निधनानंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंतच चालू राहते. आरटीओत फॉर्म ३१ भरून आरसी नावावर करणं आणि पॉलिसी बदलणं या मुदतीत उरकायला हवं. पतीचा नो क्लेम बोनस वारस म्हणून पत्नीला मिळू शकतो, त्यासाठी अर्जासोबत जुनी पॉलिसी जोडा. आरटीओचे कागद भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

सराव कुठे करायचा

पहिले काही दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीत काढा. लर्निंग लायसन्सवर घरच्या गाडीत शिकायचं असेल, तरी पॉलिसी लागू राहते. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती आणि गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल' मात्र हवा.

कार्यालयात येताना आरसी, चालू पॉलिसी आणि गाडी चालवणाऱ्या व्यक्तीचं लायसन्स (दोन्ही बाजू) आणा. मोबाइलवरचे फोटो चालतील. लायसन्सची मुदत आणि प्रकार सरकारच्या सारथी पोर्टलवर तपासल्याशिवाय आम्ही वाढीव कव्हरचे पैसे घेत नाही.