गर्भातलं वासरू आणि मोठी गाय: तांबड्या पेशींमधली एन्झाइम्स ताडून पाहताना

गर्भाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत ग्लुकोज वापरणारी एन्झाइम्स, म्हणजे हेक्सोकायनेज, पायरुवेट कायनेज, जी-सिक्स-पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज), मोजली की आकडे सहसा मोठ्या गायीपेक्षा चढे येतात. त्यावरून ‘ही गर्भाची खासियत’ असं लगेच लिहू नये. पेशी गर्भाची असणं आणि पेशी कोवळी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गर्भाच्या रक्तात त्या एकत्रच भेटतात.

मोठ्या गुरांची तांबडी पेशी साधारण १३० ते १६० दिवस जगते. तिला केंद्रक नाही, प्रथिनं बनवणारे रायबोसोम नाहीत, त्यामुळे झिजलेलं एन्झाइम ती नव्याने बनवू शकत नाही. म्हातारी होत जाते तसं हेक्सोकायनेज आणि पायरुवेट कायनेज लवकर उतरतात, काही एन्झाइम्स मात्र जवळजवळ तशीच टिकतात. निरोगी गायीच्या रक्तात रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, जवळपास सापडतच नाहीत. गर्भात मात्र रक्ताचं प्रमाण रोज वाढत असतं, नव्या पेशींची भर पडत असते, म्हणून पेशींचं सरासरी वय कमीच राहतं.

हे दोन्ही परिणाम वेगळे काढायचे तर निरोगी गाय एकटी पुरत नाही. रक्तस्रावातून सावरणाऱ्या, रेटिक्युलोसाइट वाढलेल्या मोठ्या जनावराचा तिसरा गट हवाच. गर्भातला चढ या गटातही दिसला, तर तो बहुतांशी कोवळेपणाचा. वयानुसार न उतरणारं एन्झाइम गर्भातच जास्त असेल, किंवा पेशी कोवळ्या असूनही एखादं कमी असेल, तर तिथे गर्भाचा स्वतःचा ठसा मानावा. माणसाच्या नवजात बाळात असंच दिसतं: पेशी कोवळ्या, तरी फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम कमी. पण तो निष्कर्ष उचलून गुरांवर लावू नये. प्रत्येक प्राणिजातीत स्वतंत्र मोजमाप लागतं.

दुसरा घोळ भाजकाचा, म्हणजे एन्झाइमचा आकडा कशामागे मांडायचा याचा, आणि तो फार होतो. गर्भाची पेशी आकाराने मोठी असते. समजा, दोन्हीकडे एन्झाइम ग्रॅम हिमोग्लोबिनमागे ६ युनिट आहे. गर्भाच्या पेशीत २० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन आहे आणि गायीच्या पेशीत १५. आता १०^१२ पेशींमागे हिशोब केला तर गर्भ १२० युनिट, गाय ९०. म्हणजे एका भाजकाने फरक शून्य, दुसऱ्याने तेहतीस टक्के. दोन्ही आकडे द्यावेत, आणि सोबत पेशीसंख्या व हिमोग्लोबिनही.

नमुना तयार करताना पांढऱ्या पेशी काढणं सर्वांत महत्त्वाचं. त्यांच्यात केंद्रक आणि मायटोकाँड्रिया असतात, एन्झाइम्स भरपूर असतात. पायरुवेट कायनेजमध्ये तर थोड्या उरलेल्या पांढऱ्या पेशीही आकडा फुगवतात. वरचा पांढरा थर पिपेटने ओढून घेणं पुरत नाही. अल्फा-सेल्युलोज आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजच्या कॉलममधून रक्त गाळावं, मग थंड ०.९ टक्के सलाइनने तीनदा धुवावं. गर्भाच्या रक्तात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशीही फिरत असतात, म्हणून गाळल्यावर स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेशी १:२० प्रमाणात ईडीटीए आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉलच्या द्रावणात फोडून बर्फावर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मोजाव्यात.

मोजणी ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात, ३७ अंश सेल्सिअसला. जी-सिक्स-पीडीत एक खाच आहे. तिचं उत्पादन पुढचं एन्झाइम, म्हणजे ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजिनेज, लगेच उचलतं आणि तेही एनएडीपीएच बनवतं; मोजणी याच एनएडीपीएचच्या वाढीवरून होते. हे दुसरं एन्झाइम गर्भात आणि गायीत सारखं नसेल, तर पहिल्याचा फरक खोटा दिसतो. उपाय साधा: एका नळीत दोन्ही एन्झाइम्सचे सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं ते द्रव्य), दुसरीत फक्त ६-फॉस्फोग्लुकोनेट, आणि वजाबाकी.

नळीतला आकडा म्हणजे पेशीतला वेग नव्हे, हेही इथे फार जाणवतं. पायरुवेट कायनेजला पोटॅशियम लागतं. गर्भाच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम भरपूर असतं; बहुतेक मोठ्या गुरांच्या पेशींत ते कमी आणि सोडियम जास्त. नळीत आपण दोघांनाही सारखंच भरपूर पोटॅशियम घालतो, त्यामुळे प्रत्यक्ष पेशीतला हा फरक पुसला जातो. शिवाय मोठ्या गायीच्या पेशीत ग्लुकोज फार हळू शिरतं, गर्भाच्या पेशीत त्यामानाने पटकन. म्हणून अखंड पेशी ग्लुकोजसोबत ठेवून लॅक्टेट (ग्लुकोज वापरल्यावर उरणारं द्रव्य) किती बनतं ते शेजारी मोजावं.

ऑक्सिजनबाबतही माणसाचं गणित इथे चालत नाही. माणसात २,३-डीपीजी हे पेशीतलं संयुग हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतं; मोठ्या गायीच्या पेशीत ते अगदी थोडं असतं आणि तिच्या हिमोग्लोबिनची पकड मुख्यतः क्लोराइडवर ठरते. वासरात जन्मानंतर २,३-डीपीजी काही काळ वाढतं आणि मग उतरतं. जन्मानंतरच्या दोन-तीन महिन्यांत गर्भाचं हिमोग्लोबिनही जाऊन प्रौढ हिमोग्लोबिन येतं. त्यामुळे ‘वासरू’ या एका गटात चार दिवसांचं आणि चार महिन्यांचं जनावर मिसळलं, तर सरासरीला अर्थ राहत नाही. गर्भाचं वय नोंदीत नसेल तर डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजावी: महिना क्ष धरला तर लांबी साधारण क्ष × (क्ष + २) सेंटिमीटर, म्हणजे पाचव्या महिन्यात सुमारे ३५.