बेने इस्रायल आणि बगदादी ज्यू : मुंबई इलाख्यातील दोन समाजांची सामाजिक-आर्थिक तुलना

पश्चिम भारतात समुद्रमार्गे येऊन स्थायिक झालेले दोन ज्यू (यहुदी) समाज. दोघांचा धर्म एक, प्रार्थनेची हिब्रू एक, शनिवारचा विसावा एक. तरीही एकाच मुंबईत, एकाच इंग्रजी अमलाखाली शंभरहून अधिक वर्षे शेजारी राहून त्यांच्या वाट्याला आलेले आयुष्य फार वेगळे होते. बेने इस्रायल कोकणातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवून पुढे फौजेत, रेल्वेत आणि कचेऱ्यांत शिरले. बगदादींनी बंदरात पेढ्या थाटल्या, गिरण्या काढल्या आणि गोद्या बांधल्या.

एखादा स्थलांतरित समाज पुढे गेला की त्याचे श्रेय त्याच्या धर्माला, संस्कारांना किंवा ‘रक्तातल्या व्यापारी वृत्तीला’ देण्याची सवय जुनी आहे. या जोडीपुढे ते स्पष्टीकरण टिकत नाही, कारण धर्म दोन्हीकडे सारखाच होता. मग उरतात त्या ऐहिक गोष्टी: कोण कधी आला, येताना हातात काय होते, ओळखी कुणाशी होत्या आणि सरकारदरबारी त्याची गणना कशात झाली.

आगमन

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. मृतांना नवगावलाच पुरले, असे मानतात आणि ती जागा समाजाने जपली आहे. हे नेमके केव्हा घडले यावर एकमत नाही. काहीजण इसवी सनापूर्वीचा काळ सांगतात, काही बराच नंतरचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या.

पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली गेली. शेमा ही प्रार्थना, सुंता, खाण्यातले निषेध आणि शनिवार तेवढा राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, राजपुरीचे राजपुरकर. सॅम्युअलचा समाजी झाला, अब्राहमचा अबाजी. सणांनाही घरची नावे मिळाली: खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. प्रेषित एलियाहूच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा होऊ लागला. गावगाड्यात त्यांना जागा मिळाली, पण तेल्याची. प्रतिष्ठा मर्यादित, भांडवल जवळपास शून्य.

बगदादी ही ओळख सैलसर आहे. बगदाद, बसरा, अलेप्पो, एडन, इराण अशा अनेक ठिकाणांहून आलेले, अरबी बोलणारे ज्यू तिच्यात मोडत. सुरत आणि कलकत्त्यात त्यांचे व्यापारी आधीच येऊन गेले होते. मुंबईत या समाजाला घडण दिली ती डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांनी. बगदादचा पाशा दाऊद याच्या जाचाला कंटाळून ते बुशहरला गेले आणि १८३२ मध्ये मुंबईत उतरले. ते निर्वासित होते खरे. पण त्यांचे घराणे बगदादच्या सराफकट्ट्यावरचे होते आणि आखातातल्या प्रत्येक बंदरात त्यांच्या ओळखी होत्या. नवगावला फुटलेल्या जहाजातून उतरलेल्यांपाशी यातले काहीच नव्हते.

१८३२

याच वर्षी मुंबईत आणखी एक घटना घडली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचे वाचक अर्थातच बेने इस्रायल होते. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत त्यांची मुले आधीपासून जात होती आणि त्यांतले काहीजण तिथेच शिक्षकही झाले होते. मिशनऱ्यांना धर्मांतर हवे होते. ते जवळजवळ मिळालेच नाही. मिळाले ते असे, की स्वतःचा धर्मग्रंथ विसरलेल्या समाजाला तो मराठीत परत वाचायला मिळाला आणि त्यासोबत कारकुनी पेशात शिरण्याइतके लिहिणे-वाचणेही आले. मिशनरी कार्याच्या इतिहासातला हा एक गमतीदार हिशेब आहे. जोसेफ एझिकेल राजपुरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. विशेष म्हणजे ते मुख्याध्यापक होते ते ससून घराण्याच्या देणगीतून चाललेल्या शाळेत.

पेशा आणि पैसा

बेने इस्रायल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत येऊ लागले. त्यांचे पहिले मोठे दार म्हणजे कंपनी सरकारची फौज. समाजी हसाजी दिवेकर (सॅम्युअल एझिकेल) टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटकेनंतर १७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधले. बेने इस्रायल सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या पायदळात या छोट्या समाजाचे देशी अधिकारी त्याच्या संख्येच्या मानाने बरेच होते. पुढे जातवार तुकड्या उभारण्याचे धोरण आले. स्वतःची तुकडी भरण्याइतकी माणसे ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना तिथे फारशी जागा उरली नाही. मग रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळे, शाळा. रेल्वेच्या बदल्यांसोबत कुटुंबे अहमदाबाद आणि कराचीपर्यंत गेली. जंजिरा संस्थानात शालोम बापूजी वारघरकर कारभारी झाले.

ठरलेला पगार आणि म्हातारपणी पेन्शन हे या समाजाचे अर्थकारण होते. त्यात दारिद्र्य टळते, दोन पिढ्यांत घर सावरते, पण धर्मादाय संस्था उभी करण्याइतका पैसा साठत नाही. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये काढलेली इस्रायली शाळा बराच काळ लंडनहून येणाऱ्या मदतीवर चालली. पुढे तिला सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली आणि माझगावची ही शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. कदूरी बगदादचे, ससूनांच्या पेढीतल्या नोकरीपासून सुरुवात करून ते हाँगकाँग-शांघायमध्ये धनाढ्य झाले होते. बेने इस्रायलांच्या शाळेला बगदादी नाव मिळाले ते असे.

ससूनांचे अर्थकारण वेगळ्याच मापाचे होते. डेव्हिड ससून यांनी आपल्या मुलांना वेगवेगळ्या बंदरांत धाडून बसवले; एलियास १८४४ मध्ये चीनला गेला. भारतातून अफू आणि सूत जाई, तिकडून चहा-रेशीम येई. हिशेब हिब्रू लिपीतल्या अरबीत लिहिला जाई, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वाचताही येत नसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, त्यात मुंबईच्या इतर शेटजींप्रमाणे हेही घराणे कमावते झाले. १८७० नंतर भारत-चीन अफूच्या व्यापाराचा मोठा हिस्सा त्यांच्या हातात होता. त्यानंतर कापडगिरण्या आल्या. १८७५ ची कुलाब्याची ससून गोदी, भायखळ्याचे मागेन डेव्हिड (१८६१) व फोर्टातले केनेसेथ एलियाहू (१८८४) ही सिनेगॉगे, पुण्याचे ससून रुग्णालय आणि कॅम्पातले लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (१८६७) या सगळ्यांमागे हाच पैसा आहे. पुणेकराला ससून म्हटले की रुग्णालयाची ओपीडी आठवते, अफू नव्हे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष सर ससून डेव्हिड हेही बगदादीच.

सरासरीची फसवणूक

या तुलनेत सर्वांत जास्त चूक इथे होते. बगदादी म्हणजे ससून असे धरले तर समाज कोट्यधीश दिसतो. प्रत्यक्षात मलबार हिलवरची मूठभर घराणी सोडली तर बाकीचे बगदादी भायखळा, नागपाडा भागातल्या भाड्याच्या खोल्यांत राहत. ते ससूनांच्या गिरण्यांत आणि पेढ्यांत कारकून, मुकादम किंवा विक्रेते होते. शाळा, दवाखाना, सणाचे धान्य, दफनाचा खर्च हे सगळे ससून ट्रस्टांतून येई. मूकपटांची तारका सुलोचना (रूबी मायर्स) ही बगदादी कुटुंबातली; पडद्यावर येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. एका घराण्याच्या गिरणीत नोकरी, त्याच घराण्याच्या शाळेत मुले आणि त्याच घराण्याच्या सिनेगॉगात प्रार्थना, असे आयुष्य वरून सुरक्षित दिसते, पण ते एकाच खुंटीला टांगलेले असते.

बेने इस्रायलांत इतकी दरी नव्हती. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि त्यापायी रोटीबेटी व्यवहार अडत. पण उत्पन्नाच्या बाबतीत बहुतेक घरे एका टप्प्यात बसत.

भिंत

१८३६ मध्ये डेव्हिड ससून आणि इतर बगदादींनी मुंबई सरकारकडे अर्ज केला: ज्यू दफनभूमीत आपली थडगी आणि बेने इस्रायलांची थडगी यांच्यामध्ये भिंत घालावी. त्या वेळी ससून मुंबईत येऊन चारच वर्षे झाली होती आणि बेने इस्रायलांचे सिनेगॉग चाळीस वर्षे उभे होते. अर्जामागचे उघड कारण धार्मिक होते: यांचे विवाह-घटस्फोट शास्त्राप्रमाणे होत नाहीत, म्हणून त्यांच्या वंशशुद्धीची खात्री नाही. दुसरे कारण इंग्रजी राज्यात दडलेले होते. इथल्या ‘नेटिव्ह’ मराठी ज्यूंबरोबर गणले जाणे बगदादींना परवडणारे नव्हते. युरोपियन म्हणून मान्यता मिळाली तर क्लब, नोकऱ्या आणि मतदारसंघ यांची दारे उघडणार होती. दुसऱ्या पिढीत अरबी अंगरखे जाऊन सूट आले, घरात इंग्रजी आली. ससूनांना लंडनमध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला. कलकत्त्याच्या बगदादींनी युरोपियन मतदारसंघात गणना व्हावी म्हणून दीर्घकाळ खटपट केली, पण ती मान्यता मिळाली नाही. बगदादी सिनेगॉगांत बेने इस्रायलांना तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचायला बोलावण्यावरून वाद होत. रंगूनमध्ये हा झगडा १९३० च्या दशकात कोर्टात गेला आणि निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला.

पुण्यात ही दरी दगडविटांत वाचता येते. लाल देवळाचा मनोरा कॅम्पातून दुरून दिसतो. बेने इस्रायलांचे सुकाथ शेलोमो (१९२१) रास्ता पेठेच्या वस्तीत शिरल्याशिवाय सापडत नाही.

शिक्षण आणि स्त्रिया

संपत्तीऐवजी शिक्षण हे माप धरले तर पारडे फिरते. दलालीत आणि पेढीवर पदवी लागत नाही. पगारी माणसाला मुलाला द्यायला पदवीखेरीज दुसरे काही नसते. त्यामुळे बेने इस्रायलांतून डॉक्टर, वकील, शिक्षक सतत निघत राहिले. डॉ. जेरुशा झिराड लंडनहून एम. डी. होऊन आल्या, १९२८ ते १९४७ कामा रुग्णालय त्यांनी सांभाळले आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळवली. डॉ. एलिजा मोझेस १९३७–३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. कवी निस्सिम एझिकेल, अभिनेते डेव्हिड (चेऊलकर) आणि अहमदाबादेतल्या कांकरिया प्राणिसंग्रहालयाचे निर्माते रूबेन डेव्हिड यांचा समाज हाच. बगदादी स्त्रिया उठून दिसल्या त्या सिनेमात: सुलोचना, प्रमिला, नादिरा. प्रतिष्ठित हिंदू-मुस्लिम घरांतल्या मुली कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, तेव्हा ती जागा रिकामी होती.

जाणे

भांडवलाला पाय असतात. ससून घराण्याच्या शाखा एकोणिसाव्या शतकातच लंडनकडे सरकल्या होत्या. सर व्हिक्टर ससून यांनी १९३० च्या सुमारास पैसा मुंबईतून शांघायला हलवला. मुंबईतला मजूर संप, कर आणि राष्ट्रीय चळवळ यांपेक्षा त्यांना शांघाय सुरक्षित वाटले. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्ताबदल झाला आणि ती मालमत्ता गेली. मुंबईच्या गिरण्या त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकल्या गेल्या होत्या. खुंटी निखळली तसे तिच्यावर टांगलेले सगळेच निघाले. १९४७ नंतर भायखळ्याचे कारकूनही इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेले. इंग्रजी घरात होतीच, ती तिथे कामी आली.

बेने इस्रायलांची संख्या स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास होती. त्यांना इथे छळ असा कधी झाला नाही. तरीही १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांची वस्ती झाली. भेदभावाला कंटाळून काही कुटुंबांनी धरणे धरले आणि ती १९५२ मध्ये मुंबईला परतलीही. त्यानंतर रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) त्यांच्या विवाहपात्रतेवरच प्रश्न उभा केला. १८३६ चा जुनाच आक्षेप तिथे अधिकृत झाला होता. मोर्चे निघाले, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केल्यावर रब्बींना नियम बदलावा लागला. लोदमधून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते. बगदादींचे अरबी किंवा हिंदुस्तानी असे काही लंडनमध्ये उरले नाही.

आज

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्य दर्जा दिला. राज्यात राहिलेल्यांत बहुसंख्य बेने इस्रायल आहेत. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे इथली त्यांची सिनेगॉगे चालू आहेत. केनेसेथ एलियाहूची डागडुजी होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा उघडले. मागेन डेव्हिडच्या आवारातल्या जेकब ससून शाळेत बहुतेक विद्यार्थी भायखळा-नागपाड्यातले मुसलमान आहेत. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. बगदादींनी बांधलेल्या या वास्तूंत ते दहा भरतात ते मुख्यतः पेणकर, रोहेकर आणि नवगावकर यांनी.