वाचनाची तीन वर्षे आणि अनुदानाचे एक

दहावीच्या निकालाच्या दिवशी एक बातमी जवळजवळ ठरलेली असते: कोकण विभाग राज्यात पहिला. 2024 साली या विभागाचा निकाल 99.01 टक्के लागला. हा आकडा अभिमानाचा आहे, यात शंका नाही. मात्र तिसरीत ‘समुद्र’ हा शब्द अडखळत ‘समुर’ असा वाचणारे आणि पुढे धडे कानाने ऐकून, पाठ करून वर्गामागून वर्ग चढणारे मूल या आकड्यात कुठे दिसत नाही. उत्तीर्ण होणे वेगळे आणि सहज वाचता येणे वेगळे. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची निधी मागतानाची पहिली अडचणही हीच आहे, कारण निकाल इतका चांगला असताना प्रश्न उरतोच कुठे, असे देणगीदाराला वाटते.

प्रश्न मेंदूत आहे. मूल बोलायला आपोआप शिकते. वाचायला मात्र कोणीच आपोआप शिकत नाही. लिपी माणसाने जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी घडवली, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत तयार जागा नाही. डाव्या अर्धगोलाच्या मागच्या-खालच्या भागातील, एरवी वस्तू आणि चेहरे ओळखण्याचे काम करणारा एक पट्टा अक्षरे ओळखण्यासाठी हळूहळू घडवावा लागतो, आणि त्याची उच्चारांशी संबंधित भागांशी जोडणी व्हावी लागते. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन अक्षमतेत, ही जोडणी फार सावकाश आणि कच्ची होते. बुद्धीशी किंवा दृष्टीशी तिचा संबंध नसतो. डिस्लेक्सिया हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने 1887 साली वापरला, आणि 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याला गणिते जमत पण साधे शब्द वाचता येत नसत. आज शालेय वयातील 5 ते 15 टक्के मुलांना वाचन, लेखन किंवा गणितातील विशिष्ट अध्ययन अक्षमता असते असे मानले जाते. वाडीतल्या पंधरा मुलांच्या शाळेत असे एखाददुसरे मूल असण्याची बरीच शक्यता आहे.

हा इंग्रजी शाळांतला आजार आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. एराल्दो पावलेसू आणि सहकाऱ्यांनी 2001 साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक वाचकांच्या मेंदूची तुलना केली, तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही गटांत मेंदूच्या डाव्या बाजूच्या त्याच भागात क्रियाशीलता कमी आढळली. फरक होता तो बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांत. लेखन आणि उच्चार बऱ्यापैकी जुळणाऱ्या इटालियनमध्ये मूल चुकते कमी, पण वाचते संथ. मराठीतही अक्षर-उच्चारांचा मेळ चांगला असल्याने असे मूल ‘चुकत नाही, फक्त हळू आहे’ म्हणून मागे पडते. त्यात देवनागरीच्या अडचणी वेगळ्याच आहेत. ‘किनारा’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते आणि तिचा उच्चार क नंतर होतो. ‘सूर्य’, ‘समुद्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत एकच र चार रूपे घेतो. शिवाय घरी ‘माका’ आणि ‘खंय’ बोलणारे मालवणी मूल पुस्तकातल्या ‘मला’ आणि ‘कुठे’पाशी थबकते, तेव्हा ती अक्षमता नसते, केवळ बोलीचे अंतर असते. हा भेद करण्यासाठी मराठीतली चाचणी हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे. प्रश्न उरतो तो ती घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा.

कायद्याने या मुलांना उशिरा का होईना, ओळखले. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली. तरीही आपल्याकडे धावपळ होते ती बहुधा नववी-दहावीत, जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून. अक्षमतेच्या प्रमाणपत्राने परीक्षा सुकर होते. वाचन सुधारत नाही. त्यासाठी पहिली-दुसरीपासून छोट्या गटात, आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे सराव लागतो, आणि तो घेणारा विशेष शिक्षक लागतो.

म्हणजे खरा खर्च पगाराचा आणि प्रवासाचा आहे. खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची शाळा नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण पूल नसेल तर अर्धा दिवस वळशात जातो. नेमका हाच खर्च देणगीदार ‘प्रशासकीय’ म्हणून कापतात आणि संगणक, कपाटे, फलक यांना आनंदाने पैसे देतात. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते, आणि सातव्या परिशिष्टात विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रशासकीय खर्चावरील 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च तीत मोडत नाही. इतकेच नव्हे, प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू ठेवण्याची सोयही नियमांत आहे. वाचनाला लागणारा काळ कायद्यात बसतो. बसत नाही तो मार्चअखेरीस हिशेब मिटवण्याच्या सवयीत. स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व योग्यच आहे, पण त्यामुळे लोटे किंवा महाडच्या कारखान्यांभोवती जितका निधी फिरतो, तितका पर्यटन जिल्हा म्हणवणाऱ्या सिंधुदुर्गाच्या वाट्याला येणे कठीण.

एक सावधगिरी संस्थांनीही घ्यायला हवी. समजा, जूनमध्ये दोनशे मुलांची वाचनचाचणी घेऊन सर्वांत खालची तीस निवडली. त्यांतल्या काहींचा त्या दिवशी ताप, भीती किंवा झोप यांमुळे गुणांक घसरलेला असतो. काहीही न शिकवता फेब्रुवारीत पुन्हा चाचणी घेतली, तरी या तिसांची सरासरी थोडी वर सरकते, शिवाय आठ महिन्यांची वाढ असतेच. टोकाची मोजमापे दुसऱ्या वेळी सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गॉल्टनने 1886 सालीच उंचीच्या आकड्यांवरून दाखवले होते. म्हणून ‘इतके टक्के मुले सुधारली’ हे वाक्य एकटे फारसे काही सांगत नाही. शेजारच्या केंद्रातील (शाळांच्या गटातील), कार्यक्रम पुढच्या वर्षी सुरू होणार असलेल्या शाळांतील तितक्याच कच्च्या मुलांशी तुलना करावी, आणि मिनिटाला अचूक वाचलेले शब्द मोजावेत. याला खर्च जवळजवळ येत नाही.

राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. निधी ऑगस्टअखेरीस हाती आला, तर पाठोपाठ गणपती येतात, मग सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी. मार्चअखेरपर्यंत सलग शिकवण्याचे चारच महिने उरतात आणि त्यातही शिमगा असतो. म्हणून प्रस्ताव जानेवारीतच द्यावा, त्यात पहिल्या पावसाआधी शिक्षक नेमण्याची तरतूद मागावी, आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता पहिल्या वर्षीच्या गुणांवर नव्हे, तर तासिका खरोखर झाल्या की नाहीत यावर ठेवावा.