आधी आखाडा, मग कॉलेज: नागपूर-वर्धा-अमरावती रस्त्यामागचा इतिहास

नागपूरहून अमरावतीला सरळ कोंढाळी-कारंजावरून गेलं तर तीन तास पुरतात. वर्ध्याला वळून आर्वी-तळेगावमार्गे गेलं तर दिवस जातो. हिवाळ्यात बरेच नागपूरकर मुद्दाम हाच लांबचा रस्ता धरतात. या वाटेवर फलक दिसतात ते एकतर महाविद्यालयांचे, नाहीतर व्यायामशाळांचे. एवढ्याशा गावांत हे कुठून आलं, याचं उत्तर शंभर-दीडशे वर्षं मागे सापडतं.

पहिलं कारण कापूस. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. वर्धा शहर त्याच सुमारास, १८६६ मध्ये वसवलं गेलं. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात पैसा खेळू लागला, पण पदवीचं शिक्षण अजून लांबच होतं. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आणि मॉरिस कॉलेज १८८५ चं. वऱ्हाडातल्या पोट्ट्यांना बोचकं बांधून तिथे, नाहीतर पुण्याला जाणं भाग होतं.

मग येतं १९१४. त्या वर्षी वर्ध्यात जमनालाल बजाज आणि कृष्णदास जाजू यांच्या पुढाकाराने शिक्षा मंडळ ही शिक्षणसंस्था उभी राहिली आणि तिकडे अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज मिळालं ते १९२३ मध्ये, म्हणजे आखाड्यानंतर नऊ वर्षांनी. नागपूर विद्यापीठही १९२३ चंच. या भागात कॉलेजच्या आवारात नंतर मैदान आखलं गेलं असं समजणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. अमरावतीत तरी लाल माती आधी आणि वर्गखोल्या मागाहून.

वर्ध्याला थांबायचं तर गोरसपाक या बिस्किटासाठी. तोंडात टाकताच भुगा होतो, म्हणून गाडीत खाऊ नये. शहरातून सेवाग्राम दहा-पंधरा मिनिटांवर. गांधीजी इथे १९३६ मध्ये आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम १९४० पासूनचं. १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हातांना काम देऊन शिकवण्याची नई तालीम तिथून पुढे आली. १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खेड्यात उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आजही आश्रमात जातात आणि पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. इंजेक्शनच्या आधी झाडू हातात येतो, असं तिथली मुलं हसत सांगतात.

आर्वी, तळेगाव, तिवसा ओलांडलं की मोझरी. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम इथलाच. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. शाळा फारशी न शिकलेल्या माणसाचं नाव लाखोंच्या पदवीपत्रावर छापलं जातं, हे मला फार आवडतं. गावात व्यायामशाळा हवीच, हा त्यांचाही आग्रह होता.

अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. कुणब्या-शेतकऱ्यांची मुलं शाळा-कॉलेजांत मोठ्या संख्येने दिसू लागली ती यानंतर. पण संध्याकाळ राखून ठेवावी ती हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासाठी. हुतात्मा राजगुरूंनी इथे काही काळ व्यायामाचे धडे घेतले होते. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन हुतुतूसारखे देशी खेळ करून दाखवले. आम्ही गेलो तेव्हा दहा-बारा वर्षांचा एक मुलगा मल्लखांबाला एरंडेल चोपडत होता. वरून खाली, दोन्ही तळव्यांनी, अजिबात घाई न करता. तेल जास्त झालं तर घसरायला होतं आणि कमी पडलं तर कातडं सोलतं, असं त्याने न विचारता सांगितलं.

क्रिकेट या वाटेवर फार उशिरा आलं. वर्धा रोडवरचं जामठ्याचं स्टेडियम २००८ चं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो, पहिलं विजेतेपद २०१७-१८ चं. मधली साठ वर्षं हरण्यात गेली. कोळसा खाणीच्या वलनी गावातल्या उमेश यादवने २०११ मध्ये कसोटी खेळली तेव्हा विदर्भाचा तो पहिलाच कसोटीपटू होता.

परतताना गिला वडा खाऊन सरळ रस्ता धरावा. कोंढाळीला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. भाव करायला मात्र गाडीतून उतरावं लागतं, काच खाली करून विचारलं की तो वाढतो.