उन्हाळी पुलओव्हरवरची नक्षी आली कुठून

नाशिकमध्ये लोकर बाहेर निघते ती दिवाळीनंतर, निफाडचा पारा पेपरात यायला लागला की, आणि संक्रांत उलटली की सुया परत डब्यात. त्यामुळे 'समर पुलओव्हर' म्हटलं की इथल्या बायका आधी हसतातच, एप्रिलच्या चाळीस डिग्रीत कोण घालणार ते! पण हे पॅटर्न ज्या देशांतून येतात, म्हणजे स्कॉटलंड, नॉर्वे वगैरे, तिथला उन्हाळा म्हणजे आपली जानेवारीतली सकाळी नऊ-दहा वाजताची हवा. त्यांचा उन्हाळी पुलओव्हर हा खरं तर नाशिकचा थंडीचा स्वेटर आहे, आणि तो आपल्या जाड ॲक्रिलिकच्या स्वेटरपेक्षा इथल्या हवेला जास्त बरा पडतो.

आता नक्षीचं. दोन रंगांचं विणकाम म्हणजे बर्फातल्या लोकांचा लोकरीचा उद्योग असं आपण धरून चालतो, पण सुयांवरच्या विणकामाचे सगळ्यात जुने जे तुकडे सापडलेत ते इजिप्तचे आहेत, साधारण 11व्या ते 14व्या शतकातले, आणि ते चक्क सुती आहेत. पांढऱ्यावर निळीचा रंग, बारीक पट्टे, चौकटी, काहींवर तर अरबी अक्षरांसारखी दिसणारी नक्षी. मोजेच जास्त. एका रंगाने टाका घालायचा आणि दुसरा धागा मागून न्यायचा, हेच तंत्र तेव्हाही होतं. पुढे स्पेनमध्ये बुर्गोसच्या मठात राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दाच्या थडग्यात उशी सापडली, तो वारला 1275 मध्ये, तीही विणलेली आणि तीही रेशमाची, इतकी बारीक की बघून डोळे दुखतील. म्हणजे बर्फाळ उत्तरेच्या बाहेरच्या लोकांनी सूत आणि रेशीम घेऊन केलेलं काम आधीचं, लोकरीवरची नक्षी नंतरची.

लोकरीत ती इतकी रुजली त्याला कारण आहे. लोकरीचा धागा खवलेदार असतो, एकमेकाला धरून बसतो, मागून गेलेले धागे धुता धुता आत चिकटतात आणि स्वेटरला दुसरा थर मिळतो, फुकटची ऊब. उत्तरेकडच्या बेटांवर याहून काय हवं? शेटलंड आणि ऑर्कनीच्या मधे फेअर आइल म्हणून एवढंसं बेट आहे, तिथली पद्धत अशी की डिझाइनमध्ये रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचं एक जहाज तिथे फुटलं आणि खलाशांनी बायकांना नक्षी शिकवली असं सांगतात, ऐकायला छान आहे पण पुरावा काही नाही, जपून ठेवलेले तिथले जुने नमुने 19व्या शतकातले. ते जगभर गेलं ते 1922 नंतर, प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना फेअर आइल पुलओव्हर घातला तेव्हा. एका राजपुत्राने काय घातलं यावर बेटावरच्या बायकांची मजुरी ठरावी, हे मला जरा खटकतं पण झालं तसंच. नॉर्वेत सेल्बू गावचा आठ पाकळ्यांचा तारा आधीपासून होता, आणि हल्लीच्या पॅटर्नमध्ये गळ्याभोवती गोल नक्षीचा योक दिसतो तो आइसलँडच्या स्वेटरमुळे चालला, तो 1950 च्या आसपासचा, म्हणजे फार काही पुरातन नाही.

आपल्याकडे दोन सुया आल्या त्या मिशनऱ्यांच्या शाळा आणि मडमांच्या हातून. नाशिकला शरणपूरची मिशनरी वस्ती 1850 च्या दशकातली, देवळालीची छावणी त्यानंतर थोड्याच वर्षांत. लोकरीच्या गिरण्याही निघाल्या, कानपूरची 1876 मध्ये आणि पंजाबात धारीवालची 1880 मध्ये. पुढे लुधियानाचं ॲक्रिलिक आलं, स्वस्त, धुवायला सोपं, रंग भडक, आणि आई-मावशीच्या पिढीने बिनबाह्यांचे व्ही गळ्याचे स्वेटर आणि त्यावर शंकरपाळ्यांची बॉर्डर असं धडाधड विणलं. नंतर तिबेटी लोकांची थंडीतली दुकानं लागायला लागली, तीही नेमकी शरणपूर रोडलाच, तयार स्वेटर नुसत्या विणायच्या लोकरीच्या भावात मिळायला लागला आणि घरातलं विणकाम बाळाच्या टोपड्यांपुरतं उरलं.

आता पुन्हा सूत घ्यायचं तर लोकरीच्या सगळ्या सोयी उलट्या पडतात. सुती धागा ताणला की परत आखडत नाही, जड असतो, स्वेटर खाली ओढला जाऊन लांबतो, मागचे धागे चिकटत नाहीत, त्यात अंगठी-बांगडी अडकते, आणि फिकट रंगामागून गडद धागा गेला तर पुढून दिसतो. अंगभर नक्षी केली की दुहेरी थर होऊन उन्हाळी म्हणायची सोयच राहत नाही. म्हणूनच हलक्या पुलओव्हरचे पॅटर्न बहुतेक वेळा नक्षी योकपुरती किंवा खालच्या काठापुरती ठेवतात, चार-पाच टाक्यांच्या पुढे धागा मोकळा सोडत नाहीत आणि नुसत्या सुताऐवजी लिनन, बांबू, थोडी लोकर असं मिश्रण घेतात. दुसरी युक्ती मोझेकची, एका ओळीत एकच रंग विणायचा आणि दुसऱ्या रंगाचे टाके नुसते उचलून घ्यायचे, अमेरिकेतल्या बार्बरा वॉकरने ही 1970 च्या सुमारास लोकप्रिय केली.

तिसरा रस्ता मात्र येवल्याच्या जवळचा आहे. पैठणीत मागून धागा नेतच नाहीत, प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धाग्याची छोटी कांडी), रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचे, म्हणून अस्सल पैठणीचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. विणकामात याला इंटार्शिया म्हणतात, एकेरी थर, हलकं. फक्त हे गोल सुईवर करायला जाऊ नका, पुढच्या फेरीला धागा नेमका नको त्या टोकाला सापडतो, पुढचा-मागचा भाग वेगळा विणून शिवावा लागतो. छातीवर एकच पोपट किंवा कमळ हवं असेल तर हे चांगलं, पण नारळी काठासारखी सलग नक्षी असेल तर मागून धागा नेण्याला पर्याय नाही, नाहीतर लोंबणारी टोकंच खोचत बसाल.